धमीचा हप्ता

—नाही, निकुंजभाई, सही होणार नाही. कागद बाहेर काढूच नकोस. पाणी पी, चहा येतोय, वशराम नकुमच्या दारातून कोणी कोरड्या तोंडानं जात नाही — पण सही नाही. माझ्या पोरीचं, धमीचं खातं मी बंद करणार नाही. आणि मला सही येते बरं का, चौथीपर्यंत शिकलोय, अंगठेबहाद्दर समजू नकोस. काय म्हणालास? मेलेल्या माणसाचा हप्ता इतके महिने गेला कसा? मला काय विचारतोस! बँकेला विचार. यंत्रं तुमची, साहेब तुमचे. मी जन्मभर भट्टीवर पितळ ओतलं. अख्ख्या जामनगरात विचार, वशरामच्या ओतकामात कधी बुडबुडा राहिला का. ते तुमचं फंड-बिंड मला कळत नाही.

सुरुवात तूच केलीस. समाजाच्या हॉलमध्ये बांधणीच्या कामाच्या बायका जमवल्यास, सामोसे वाटलेस आणि सांगितलंस, फंडात दर महिन्याला हप्ता भरा, पाचशे रुपयांपासून सुरू करा. पाचशे! वीस वर्षांची पोर. आईच्या शेजारी बसून दिवसभर कापडाला गाठी मारणार, करंगळीचं नख वाढवून त्यानं कापड उचलणार, मान मोडेपर्यंत — आणि व्यापारी पैसे देणार माल उचलल्यावर, तोही रडत. त्यातनं पाचशे बाजूला. मी म्हटलं, अगं आधी पीठ आण. तर म्हणते, “बापा, आधी पीठ आणलं तर मागे काही उरतच नाही. आधी हप्ता, मग पीठ.” मी म्हटलं, आली मोठी शेठाणी! आईला म्हटलं, मोंघी, शेठाणीला गादी घाल. हसायच्या दोघी.

हसायच्या — मी खाटेखाली पितळ ठेवायचो ना, त्यालाही. आमच्या काळी हेच होतं. चार पैसे सुटले की पितळाची लगड घ्यायची, खाटेखाली सरकवायची. हाताला लागतं, वजन करता येतं, आणि वर आपणच झोपतो. धमी सकाळी वाकून बघायची, “बापा, रात्रीत वाढलं का हो? पिल्लं झाली का पितळाला?” — अशी तोंडाळ. कोणाची टाप नव्हती माझ्यापुढे असं बोलायची. तिची होती.

मग तो बाजार पडला, आठवतं? टीव्हीवर सगळे लाल आकडे. मी घर डोक्यावर घेतलं. काढ म्हटलं, आत्ताच्या आत्ता काढ, राहिलं असेल ते तरी हातात येईल. ती गाठी मारतच होती, मान वर केली नाही. म्हणाली, “बापा, बांधलेलं कापड मध्येच सोडून बघतं का कोणी? एक गाठ सोडली तरी तिथं रंग शिरतो, डाग पडतो. भाव पडलाय तर तेवढ्याच पाचशेत जास्त येतील. राहू द्या.” राहू द्या. मला, बापाला, राहू द्या! मी दोन दिवस बोललो नाही तिच्याशी. आणि दुसऱ्या महिन्यात तिनं हप्ता सहाशे केला. तूच करून दिलास ना? तूच.

साधा ताप होता. साधा ताप म्हणता म्हणता… ते राहू दे. ते तुझं काम नाही.

काय बघतोस खाटेखाली? पितळ? विकलं थोडं. हो, सगळं विकलं. माझं पितळ, मी विकलं, तुला हिशेब द्यायचा का? — हां, मीच भरतो. झालं समाधान? बँकेत जातो, तिच्या खात्यात टाकतो. खिडकीवरची मुलगी विचारते, काका, तुमची कोण? मी सांगतो, मुलगी. त्यात खोटं काय आहे? तिच्या मोबाईलमध्येही पैसे मीच टाकतो, नाहीतर नंबर बंद करतात लेकाचे. पाच तारखेला सकाळी तो वाजतो. “आपला हप्ता मिळाला.” वर तिचं पूर्ण नाव — धर्मिष्ठा वशराम नकुम. मला तेवढं इंग्रजी वाचता येतं. रेशनकार्डावरून तिचं नाव कापलं, मतदार यादीतून कापलं, समाजाच्या वहीत तिच्या नावापुढे फुली मारली. आता फक्त तिथं ती आहे. दर महिन्याला तिचं काहीतरी होतंय. वाढतंय. तू ते बंद करायला सांगतोस.

आणि ते पैसे मी घ्यायचे? बापानं मुलीचे पैसे खायचे? आमच्यात मुलीच्या घरचं पाणी पीत नाहीत, निकुंजभाई. तुमच्यातही पीत नसत, तुझ्या आजोबाला विचारायचं होतंस. मी तिला द्यायचं. ती गेली म्हणून काय झालं, मी द्यायचं. सहाशेचे आता हजार केलेत मी. वाढवणारच होती ती.

हळू बोल. मोंघी आत आहे. तिलाही बरं वाटतं त्यानं — फोन वाजला की आत गाठी मारताना होणारा दोऱ्याच्या नळीचा आवाज थांबतो. कान देऊन ऐकते. पुष्कळ वेळ हात चालत नाही मग तिचा.

आज पाच तारीख. दुपार झाली, अजून वाजला नाही. तुमच्या यंत्राला काय झालंय ते बघ जाऊन, ते काम कर.

काय? परत बोल. माझी सही लागतच नाही? का लागत नाही? घरातला मोठा मी. माझंच नाव असणार ना नॉमिनी म्हणून, दुसरं कोणाचं — कोणाचं? मोंघीचं? धमीनं आईचं नाव घातलं?

…हां. बाप हात लावणार नाही, ओळखून होती पोर.

मग हे आधीच का नाही सांगितलंस? एवढं बडबडू दिलंस मला! बोल ना. मोंघी आली होती? तुझ्या ऑफिसात? एकटी? अरे, तिला बसचा नंबर वाचता येत नाही. मृत्यूचा दाखला घेऊन? अंगठा देऊन गेली? कधी — नको, सांगू नकोस. म्हणून आज वाजला नाही.

आणि तुला तिनंच पाठवलं. मला सांगायला. एका छपराखाली राहून, पाव्हण्याच्या तोंडून निरोप. पैसे मागितले का तिनं? नाही? एक रुपया नको म्हणाली? मग काय म्हणाली? जसं म्हणाली तसं सांग.

“दर महिन्याला फोन वाजला की मला वाटतं, तीच आली.”

एवढंच?

…चहा ठेव खाली. थंड झाला, आता पिऊ नकोस. मागं वळून बघू नकोस, ती दारात उभी आहे. कधीची उभी आहे कोण जाणे. धमी गेल्यापासून आम्ही दोघं समोरासमोर बसलो नाही, निकुंजभाई. ती आत, मी बाहेर. तू त्या खुर्चीवरून ऊठ. तिला बसू दे तिथं.

ऊठ म्हटलं ना.