सतराचा पाढा आणि उरलेले चारशे फूट

आजच्या सभेच्या अध्यक्षा पद्मिनीताई, व्यासपीठावर अवघडून बसलेले आपले सत्कारमूर्ती दिगंबर काका, त्यांच्या शेजारी सरला काकू, आणि सिअ‍ॅटलच्या या पावसातून ड्राइव्ह करून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

काकांनी सकाळीच फोनवर बजावलंय, "सुमेधा, माझी आरती ओवाळू नकोस. पाच मिनिटांत आटप." काका, आरती नाही ओवाळत. मला एक कबुली द्यायची आहे.

चोवीस वर्षं इथे काढून काका-काकू पुढच्या आठवड्यात साताऱ्याला परत चाललेत. जाताना त्यांच्या मनात एकच गोष्ट राहून गेली असेल, आणि ती माझ्यामुळे राहिली.

माउंट रेनियर काय आहे, हे तुम्हाला सांगायला नको. ढग हटले की आपल्या ऑफिसात कामं थांबतात आणि सगळे खिडकीशी जातात. चौदा हजार फुटांवर उंची, पोटात ज्वालामुखी आणि अंगावर बारमाही हिमनद्या. जगातल्या मोठ्या शिखरांवर जाणारे क्लाइंबर्स बर्फावर चालायला इथे शिकतात. पण सह्याद्रीत साधे बूट घालून भटकलेल्या आमच्यासारख्यांना त्याची ओढ का लागावी? काका म्हणतात, "अगं, रोज दिसतो ना तो. रोज दिसणाऱ्याच्या घरी एकदा तरी जाऊन यावं."

ते दोनदा निघाले आणि दोनदा हवेने परत पाठवलं. ब्याऐंशीच्या जुलैत तिसऱ्यांदा निघालो. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं, डॉक्टरांनी सांगितलेलं की यापुढे डोंगर नाही. एकाच दोरीला बांधलेले आम्ही तिघं: पुढे काका, मध्ये मी, मागे माझा मित्र राजीव. मी तेव्हा युनिव्हर्सिटीत शिकत होते.

आता काकांची पद्धत ऐका. विरळ हवेत माणसाचं डोकं आधी जातं, आणि ज्याचं जातं त्याला ते कळत नाही. म्हणून प्रत्येक थांब्यावर काका पाढे विचारायचे. कोणी चुकला की अख्खी दोरी खाली. शेजारून जाणारे अमेरिकन क्लाइंबर्स थांबून बघायचे, हा कुठला मंत्र चाललाय म्हणून.

माझ्या वाट्याला सतराचा पाढा. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. तो मला कधीच येत नव्हता. पायथ्याशी प्रॅक्टिस करताना चुकले आणि हसता हसता बर्फात बसले. मग राजीवने दोन दिवस माझ्याकडून घोकून घेतला.

शिखर चारशे फुटांवर आलं होतं. लख्ख ऊन, वारा नाही. काकांनी विचारलं, "सतरा साते?" मी म्हटलं, "एकशे सव्वीस."

काकांनी एकदा वर पाहिलं. मग म्हणाले, "चला, खाली."

काका, माझा पाढा मुळातच कच्चा आहे, हे तेव्हा का नाही बोलले मी? लाज वाटली. माझ्या आळसापायी तुमचं शिखर गेलं, हे ओझं चार वर्षं मनात घेऊन मी तुमच्या घरी जेवत राहिले.

गेल्या रविवारी काकूंना पॅकिंगला मदत करताना मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. काकू साड्यांच्या घड्या घालतच होत्या. म्हणाल्या, "तुझा पाढा कच्चा आहे, हे ह्यांना पायथ्याशीच कळलं होतं. घरी आल्यावर मला म्हणाले, पोरगी खाली चुकली तेव्हा हसली. वर चुकली तेव्हा हसली नाही. नुसती बघत राहिली. म्हणून फिरलो."

मी राजीवला फोन केला. तो म्हणाला, "यार, तू शेवटचा तासभर तिरकी चालत होतीस. काकांनी तुला सांगू नको म्हटलं होतं." मला यातलं काही आठवत नाही. मी फक्त पाढ्यात नापास झाले, असंच धरून चालले होते.

काका, मी तुमची ऋणी आहे. सख्ख्या काकानेही याहून जास्त काही केलं नसतं. मंडळाचे, अध्यक्षांचे आणि स्वयंपाकघरात अजून पुऱ्या तळणाऱ्या मालिनी मावशींचे मनापासून आभार.

सतरा साते एकशे एकोणीस. पाठ करून आलेय. बाकी बोलण्यात काही चुकलं असेल तर सांभाळून घ्या. आणि काका, काळजी करू नका, मी हसतेय.