झरीवरचे ठोके

हात आत, साहेब — हात आत घ्या. काठावर हात टाकून बसायची जागा नव्हे ही, चढतानाच सांगितलं मी. वहिनी गाडीतच राहिल्या, बरं केलं. मेटाडोर पण कसली तुमची — आत खाट, आत स्टोव्ह, घर घेऊनच फिरता की तुम्ही. नार्व्याच्या फेरीबोटीतून उतरलात तेव्हा लोक वाकून वाकून बघत होते. आता इंजिन बंद केलं. का? मगर यायची म्हणून — आम्ही मांगें म्हणतो तिला. भरती थांबली की पाण्यावरून आवाज सरळ जातो. ती झर बघा, खडकातून पडतेय ती — तिथे बायका हळू बोलल्या तरी कोण कोणाची निंदा करते ते मला इथे कळतं. ऐका आता. ठक, ठक, ठक. तो आमचा दादा, गोकुळदास. झरीपाशी पालथ्या होडीवर काठी मारतो, त्या ठोक्यांना येते ती.

डावा हात बघितलात त्याचा? नाहीच, तर बघणार काय. कोपरापासून गेला. मी माणसांना मुद्दाम त्याच्यासमोरून आणतो — आधी तो बघितला की मगर बघायला मजा येते. बाही सोडून बसतो, मीच सांगतो, दुमड, दिसू दे लोकांना. तोंड कसलं वाकडं करता? काम दिलंय मी त्याला. सकाळी चहा नि उंडो पाव, दोन वेळा जेवण. एका हाताने जाळं ओढणाऱ्याला दुसरं कोण विचारतो?

कसं झालं म्हणता? गोवा राज्य झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी. आमच्याकडे पौषातल्या अवसेला बांधावर चिखलाची मगर करतात — शिंपल्यांचे दात, तोंडात कोंबडीचं पिल्लू. शेत राख, माणसं राख, असं म्हणायचं नि हात जोडायचे. ती दादाच करायचा. त्या वर्षी शेपटी मोडली त्याच्या हातून, त्यानं तशीच थापून लावली. तेरा दिवसांनी हे झालं. झालं मग — माझंच चुकलं, मांगें कोपलं, दादा सगळ्यांना हेच सांगतो. अजून दरवर्षी करतो, एका हाताने, रडत रडत. मी म्हणतो, करू दे.

चुकलं कसलं डोंबल. तुम्ही उद्या जाणार, तुम्हाला सांगायला काय. मला तेव्हा होडीवर माणसं आणायची होती, पण मगर वेळेवर दिसायला नको? ती काय सरकारी नोकर? तर मी डिचोलीच्या बाजारातून कोंबडीची आतडी आणायचो — आधी होडीवर तीन ठोके, मग पिशवी झरीखाली रिकामी. दोन महिने रोज. शिकली. हे गुपचूप हां, वर्षाला ते एक पिल्लू, त्यापलीकडे तिला चारायचं नाही हा गावचा नेम. आणि दादाचं जाळं कुठे? त्याच झरीखाली. जाळ्यात मासे हाकायला तो काय करायचा? होडीवर ठोके. ठोके मारायचे नि पाण्यात हात घालून जाळं चाचपायचं, बापाच्या वेळेपासून असंच.

सांगायला हवं होतं? हवंच होतं. त्या सकाळी तो जाळं खांद्यावर टाकून निघाला तेव्हा मी दारात बसून चहात उंडो बुडवत होतो. तोंडापर्यंत आलं माझ्या. पण सांगितलं असतं तर त्यानं गाव गोळा केला असता, तसलाच सरळ माणूस तो — नि माझी होडी बंद. म्हटलं, आणखी एक दिवस काय होतंय. आणि आता त्याला वाटतं, मगर ठोक्यांना यायला शिकली ती त्याचा हात खाऊन. मला हसू येतं कधी कधी.

ठोके थांबले काय हो?

दादा, मार रे. — पेंगतो असा मध्येच. दादा, साहेब खोळंबलेत. — उठला. काठी तर हातात आहे, मग मारत का नाही? मी हळूच बोलत होतो ना, साहेब? तुम्हीच सांगा, हळूच बोलत होतो. ऐकलं असलं तर ऐकू दे. जेवायला माझ्याच ओट्यावर येणार, जाईल कुठे?

पायरीवर येऊन उभा राहिला. तिथेच लागते होडी, दुसरीकडे चिखल आहे. काठी खाली ठेवली नाही यानं. — मगर राहू दे आज. पुढच्या खेपेला बघा. हं, लागली. उतरा, साहेब. नाही, आधी तुम्ही. मी बसतो इथेच जरा.