झाकलेल्या तपेलीतलं पाणी

नाव : सौ. अल्पना तरुण कांकरिया, वय ३१ वर्षे, धंदा घरकाम, राहणार बाजारपेठ, कृषी सेवा केंद्राच्या वरच्या मजल्यावर, नंदुरबार.

मी पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, पती तरुण, सासरे इंदरमल, सासू पतासीबाई व मुलगी रिंकू असे दोन खोल्यांत राहतो. खाली आमचं बियाणं व फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. मागे एक गॅलरी आहे. तिच्यात एक माणूस उभा राहिला की दुसऱ्याला जागा नाही.

त्या गॅलरीत मी घरातल्या ओल्या कचऱ्याचं खत करते. रंगाच्या जुन्या डब्याला खाली भोकं पाडली आहेत. त्यात भाजीची देठं, फळांची सालं व सुका पाला थरांनी टाकते. सासूबाईंचा आधी ठाम विरोध होता. त्यात जीव पडतील, ते पाप कुणाच्या डोक्यावर, असं त्या म्हणायच्या. गांडुळं आणणार नाही, डबा कोरडा ठेवीन, असं कबूल केल्यावर त्या तयार झाल्या. पुढे त्याच माझ्यासाठी सालं बारीक चिरून ठेवू लागल्या. आमच्यात भांडण नाही. कुणी वेगळं सांगितलं असल्यास ते खोटं आहे.

डब्यातून तपकिरी पाणी झिरपतं. ते तांदळाच्या धुवणात पातळ करून मी कुंड्यांना घालते. ते पाणी धरायचं प्लास्टिकचं ताट गेल्या आठवड्यात तडकलं. म्हणून मी दुकानाच्या गोदामातून औषधाचा एक रिकामा कॅन आणला, अर्धा कापला, साबणाने धुतला व डब्याखाली ठेवला. वास गेला म्हणजे औषधही गेलं, असं मी धरून चालले. त्या कॅनमध्ये कपाशीवर फवारायचं औषध होतं. आज दवाखान्यातून सासऱ्यांनी मला फोनवर बजावलं की कॅनचा विषय काढायचा नाही, दुकानाचा परवाना जाईल. मी औषधाचं नाव दवाखान्यात फोन करून डॉक्टरांना सांगितलं आहे व इथेही सांगितलं आहे.

सासूबाई नळाचं कच्चं पाणी पीत नाहीत. त्या धोवण पितात, म्हणजे तांदूळ धुतलेलं किंवा राख कालवलेलं पाणी. ते गढूळच दिसतं. आमच्या जैन साध्वींना, म्हणजे महाराजसांनाही तेच चालतं, त्यामुळे त्या दाराशी आल्या तर द्यायला हवं म्हणून आमच्याकडे ते रोज तपेलीत झाकून ठेवतात.

आज सकाळी मी खताचं पाणी धुवणात मिसळलं आणि रिंकूच्या शाळेची रिक्षा आली. डास बसू नयेत म्हणून ते पाणी मी तपेलीत झाकलं व ओट्याखाली सरकवलं. सासूबाईंची तपेली तिथेच असते. दोन्ही तपेल्या माझ्या लग्नातल्या, एका जोडीतल्या आहेत. रिंकूला बसवून मी भाजी आणायला गेले.

परत आले तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या. तोंडातून लाळ गळत होती, दरदरून घाम आला होता. जवळ रिकामा पेला होता. झाकण काढून पाहिलं तर ती माझी तपेली होती व निम्म्याहून रिकामी होती. एका पेल्याने एवढं पाणी कमी होत नाही. बाकीचं पाणी कुठे गेलं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, “महाराजसा ने भी ओ ही पाणी दियो.” म्हणजे हेच पाणी त्यांनी महाराजसांनाही दिलं होतं. त्यानंतर त्या स्वतःचं काही बोलल्या नाहीत. महाराजसा प्यायल्या तर नसतील ना, हेच मला विचारत राहिल्या.

पती व सासऱ्यांनी त्यांना दवाखान्यात नेलं. मी अनवाणी जैन स्थानकात धावत गेले. महाराजसांचा मुक्काम तिथे होता. तिथे झाडलोट करणारे धुडकू म्हणाले, “त्या तं कव्हयन्या निंघी गयात, ताई. पानीना घडा संगे शे.” दोघी साध्वी पाण्याचा घडा घेऊन प्रकाशा गावाकडे पायी निघाल्या होत्या. त्या मोबाइल ठेवत नाहीत, गाडीत बसत नाहीत. मोठ्या रस्त्याने गेल्या की कोरीट गावाकडच्या शेतवाटेने, हे धुडकूंना ठाऊक नव्हतं. पती मोटारसायकलने मोठ्या रस्त्याला शोधायला गेले आहेत, त्यांचा फोन लागत नाही. आज ऊन फार आहे. म्हणून मी दवाखान्यात न जाता इथे आले.

एक गोष्ट कुणी विचारली नाही तरी सांगते. काल संध्याकाळी त्याच कॅनमधल्या पाण्याचा एक तांब्या मी मेथीच्या कुंडीला घातला होता. आज सकाळी कुंडीभोवती मुंग्या मरून पडल्या होत्या. उन्हाने मेल्या असतील असं म्हणून मी त्या लोटून टाकल्या. सासूबाईंच्या नजरेस पडल्या असत्या तर त्यांनी मला तिथेच थांबवलं असतं.

माझा जबाब लिहीत असताना साहेबांना फोन आला. पोलिसांच्या गाडीला दोघी महाराजसा कोरीटजवळ एका शेताच्या बांधावर बसलेल्या सापडल्या. मुक्कामाला पोचेपर्यंत पाणी घ्यायचं नाही असा त्यांचा आज नियम होता, म्हणून घडा उघडलेला नाही. शिपायांनी ते पाणी बांधावर ओतायला सांगितलं, तेव्हा मोठ्या महाराजसांनी घडा मांडीत घेतला. मातीतले जीव मरतील, इथे ओतायचं नाही, असं म्हणून त्या तशाच बसून आहेत. हे ऐकून मला रडू आवरलं नाही व थोडा वेळ जबाब थांबवावा लागला.

सासूबाई अतिदक्षता विभागात आहेत. सासरे माझा फोन उचलत नाहीत व मला आत सोडू नये असं त्यांनी दवाखान्यात सांगून ठेवलं आहे. सासूबाई माझ्याबद्दल काय सांगतील याची मला भीती वाटते. पण महाराजसा वाचल्या हे कळण्याआधीच सासूबाईंचं काही बरंवाईट झालं तर, याची भीती जास्त वाटते. कुणीतरी महिला पोलिसांनी जाऊन त्यांच्या कानाशी एवढंच सांगावं की घडा भरलेला आहे, कुणी प्यायलं नाही. माझं मग काय व्हायचं ते होवो. तोवर मी इथेच बसते.

वरील जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो लिहिला आहे. महिला शिपाई दवाखान्यात जाऊन आल्या. निरोप ऐकल्यावर सासूबाईंनी प्यायला पाणी मागितलं, असं त्यांनी मला सांगितलं. त्यानंतर मी सही केली.