ओढा साफ केल्याचा सत्कार

आणि वरनं मलाच इचारत्यात, "पाण्यात काय घातलंस रं हरिबा?" मलाच! अकरा वर्सं झाली कागद मिलमदी घाण पाण्यावर काम करतोय, अकरा वर्सांत एका माणसानं इचारलं न्हाई की बाबा, तू दिसभर तिकडं करतोस तरी काय, आणि आज मिरजेच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात आख्खं गाव माझ्याकडं डोळं वटारून बघतंय... सरका जरा, बसतो. तुमचं कोण हाय आत? सासरा? बरं. माझी आई हाय. अंबूबाई. सलाईन लावलंय. तुमाला सांगतो, कुणाला तरी सांगितल्याबिगर मला आता घोटभर पाणी गिळायचं न्हाई... पाणी! बघा, तोंडात पण तेच येतंय!

आवं, कागद कशाचा व्हतो ठावं हाय का? उसाचं चिपाड आणि रद्दी. ती शिजवायची, धुवायची, लगदा करायचा, आणि धुतल्यावर जे पाणी उरतं... काळं, फेसाळ, लगद्याचं बारीक बारीक तंतू तरंगत्यात, आणि वास असा की गावात आलेला पावणा जेवायला थांबत न्हाई! ते पाणी आधी साफ करायचं, मग ओढ्याला सोडायचं, ह्यो कायदा. आणि साफ करणार कोण? हरिबा!

आता तुमी म्हणाल, त्यात काय एवढं? करून बघा की! आधी तुरटीचं पाणी सोडायचं, मग पॉली. पॉली म्हंजे पांढरी पावडर, साखरंगत दिसती. पण ती पाण्यात सोडायची म्हंजे पिठल्याला पीठ पेरायचं, तसं चिमटी चिमटीनं, ढवळत ढवळत. घाई केली की गाठी! खाली सांडली आणि वर पाणी पडलं की फरशी असली बुळबुळीत व्हती, की मालक जरी आला तरी आडवाच व्हणार. पण जमली ना... गड्या, बघत बसावं! त्या काळ्या पाण्यात नासलेल्या दुधागत गुठळ्या धरत्यात, एकमेकीला बिलगून खाली खाली बसत्यात, आणि वर पाणी ऱ्हातं, नितळ! कमी पडली तर बसत न्हाई, जास्ती झाली तर परत गढूळ. साहेब लोकं काचंच्या भांड्यात घालून ठरवत्यात, म्या नुसता फेस बघून सांगतो. हात बसलाय माझा.

पण खरी गोम म्होरं हाय. डोळ्याला दिसती ती घाण खाली बसती. इरघळलेली बसत न्हाई. तिच्यासाठी पलीकडं मोठी टाकी हाय, तिच्यात जिवाणू, त्यास्नी ब्लोअरनं हवा द्यायची, मग ती जिवाणू घाण खात्यात. हवा बंद, की जिवाणू खलास, आणि घाण सरळ ओढ्याला. ह्ये मला कळतं, आमच्या यासीन फिटरला कळतं, त्या जिवाणूस्नी सुदीक कळत आसंल, नुसतं उदयसिंह साहेबास्नी कळत न्हाई!

साहेब म्हंजे आमचं मॅनेजर. पुण्याचं. जुन्या पॉलीनं घाण बसायची, पण काळा रंग काय पुरता जात न्हवता. एक दिवस नवी पॉली आली, आणि पाणी असलं निघालं, असलं निघालं, की साहेबानं वाकून त्यात स्वताचं तोंड बघितलं, केस सारखं केलं आणि म्हणालं, "हरिबा, मग ते ब्लोअर कशाला चालवतो आपण? केवढी वीज खातात! बंद करा." म्हटलं, साहेब, आतली घाण... "दिसतंय की स्वच्छ!" म्हटलं, दिसतंय वो, पण... "तुम्ही केमिस्ट आहात का?" न्हाई. "मग?" आता त्या 'मग'ला काय उत्तर हाय, तुमीच सांगा! यासीननं खटका खाली वढला. त्यानं माझ्याकडं बघितलं, म्या त्याच्याकडं बघितलं, आणि दोघं जाऊन चा प्यालो. त्येवढंच केलं आमी. तपासणीवालं यायचं असलं की आधी आठ दिस ब्लोअर चालू, त्यांची गाडी फाटकाभाईर गेली की बंद.

आमचं गाव त्याच ओढ्यावर, खालच्या अंगाला. अकरा वर्सं ओढा काळा व्हता, तवा कसं झ्याक व्हतं! म्हस सुदीक तोंड लावत न्हवती. कुणी आजारी न्हाई, काय न्हाई. नाक दाबायचं आणि पुलावरनं जायचं. आणि आता? तळाचा गोटा दिसाय लागला! गावची बोअर आटलेली, टँकर चार दिसांनी यायचा. मग काय, आधी बायका धुणं घेऊन आल्या, मग म्हसरं आली, आणि एक दिवस बघतोय तर आमची आईच कळशी घिऊन! म्हटलं, "आये, ह्ये पिऊ नगंस." "का रं? दिसतंय की स्वच्छ! माझ्या पोरानं केलंय." म्या म्हटलं, "उकळून घे." उकळून! ब्लोअरचं काम म्या आईच्या चुलीवर टाकलं, बघा!

पण खरं सांगू का, मलाबी बरं वाटत व्हतं. पोरं ओढ्यात पाय सोडून बसायची आणि म्हणायची, हरिबाकाकाचा ओढा. माणूस हाय म्या. बरं वाटलं.

तर आमच्या सरपंच संयोगिताताई, बाई हुशार, कामाची, त्यांच्या मनात काय आलं, तर ओढ्याचं पाणी मोटारीनं गावच्या टाकीत चढवायचं, आणि उद्घाटनाला माझा सत्कार! देवळाम्होरं मांडव, कमानीएवढा फ्लेक्स, त्यावर माझा फोटू, खाली 'जलदूत'. शाल, नारळ, आणि फेटा! त्या फेटेवाल्यानं असा कचकचून बांधला की माझ्या भुवया वर त्या वरच. दिसभर आश्चर्य वाटल्यागत तोंड! आणि टाळ्या... तुमाला सांगतो, जल्मात माझ्यासाठी कुणी टाळी वाजवली न्हवती. टाळ्या थांबंनात. आणि ताई माईकवर म्हणाल्या, "या पाण्याचा पहिला ग्लास आपल्या हरिबाभाऊंनीच प्यायचा!"

आला गलास. काचंचा. उन्हात असा चमकत व्हता की काय सांगू! म्या नुसता धरून हुबा. ताई हळूच म्हणाल्या, "घ्या की भाऊ, दिसतंय की स्वच्छ!"

बोलायचं व्हतं, बरं का. देवाशपथ बोलायचं व्हतं. माईक हातभर अंतरावर. दोन शब्द, 'पिऊ नका', झालं! नोकरी गेली असती, गेली तर गेली. पण पयल्या रांगंत आई. नवं लुगडं नेसलेली, शेजारणीला कोपरानं ढोसत सांगतीया, "माझा हाय त्यो, माझा..." आणि म्या प्यालो. आख्खा गलास. ओठ पुसलं आणि हसलो! परत टाळ्या! लोकांनी नळ सोडला. पयली आई. तांब्याभर प्याली, तीर्थ घेतल्यागत वला हात डोक्यावरनं फिरवला. आणि म्या? म्या देवळाच्या मागं गेलो, घशात दोन बोटं घातली आणि सगळं काढलं. खोटं कशाला सांगू? मला यवढी अक्कल व्हती. आईला मातर म्या वढून न्हेलं न्हाई.

आठ दिस गाव टाकीचं पाणी प्यालं, आणि मग एकेकाला जुलाब, उलट्या. चौदा माणसं! त्यात आईचं वय, अंगात पाणीच उरंना. हितं आणली. डॉक्टर इचारत्यात, "आजी, पाणी कुठलं पिता?" तर ही, डोळं मिटल्यालं, आवाज फुटंना, तरी म्हणती, "पाण्याचं नाव काढू नगा डाक्टर. पाणी माझ्या पोरानं साफ केलंय. दुसरं काय तरी बघा." डॉक्टर माझ्याकडं वळलं, "तुम्ही काय काम करता?" म्हटलं, तेच.

मग सांगितलं सगळं. ब्लोअर, खटका, सगळं. गावानं दारातनं ऐकलं. तासाभरात साहेबाचा फोन. "हरिबा, उद्यापासून येऊ नका. आणि आमच्याकडे ओढ्याचे फोटो आहेत. फोटोत दिसतंय की स्वच्छ!"

आत्ताच आत जाऊन आलो. डॉक्टर म्हणत्यात, वाचंल. शुद्धीवर आलीया. मग तिलाबी सांगितलं. तिनं शिव्या घातल्या असत्या, थोबाडीत दिली असती, तर बरं झालं असतं वो... मग म्हणाली, "तुला ठावं व्हतं?" म्हटलं, व्हय. मग म्हणाली, "मग सगळ्यांम्होरं तू का प्यालास रं?"

काय सांगू? म्हटलं, "आये, फेटा बांधला व्हता."