जिन्यातलं स्टूल

भावाचं डायलिसिस चालू होतं आणि मी बाकड्यावर बसले होते. पडद्यापलीकडे शेजारशेजारच्या खाटांवर एक टेलरकाका आणि एक शाळेतल्या बाई होत्या.

"काका, हातात सुया आणि खुशाल सायकल चालवताय?"

"हात जागचा हलत नाही, बाई. पायच चालतात. नुसत्या पायडलची छोटी सायकल आहे, खाटेला बांधलीय."

"मला तर मशीन लागलं की अंगातला जीवच जातो. घरी गेले की दिवसभर नुसती पडून असते."

"मीही पडूनच असायचो. पहिल्या दिवशी तर शिलाई मशीनसारखे दोन्ही पाय एकदम दाबले. सायकल फिरेचना. सिस्टर हसून हसून बेजार."

"मग?"

"मग पाच मिनिटं जमली, मग दहा. आता अर्धा तास."

"थकवा कमी झाला?"

"आमच्या जिन्याच्या वळणावर बायको माझ्यासाठी स्टूल ठेवायची. मंगळवारी त्याच्यावर न टेकता वर गेलो."

"काय म्हणाल्या वहिनी?"

"खाली उतरली आणि स्टूल घरात घेऊन आली."

पडद्यापलीकडून बाईंनी सिस्टरला हाक मारली.

"सिस्टर, काकांचं झालं की सायकल माझ्या खाटेला लावा."

"माझी अजून बारा मिनिटं आहेत, बाई."

"अकरा. मी घड्याळ बघतेय."