पोत्यामागं सातशे

(बेकरी कामगार सुनंदाबाई यांनी सांगितलेलं)

माझं माहेर बिद्रीच्या अलीकडचं, बाप साखर कारखान्यात हंगामी कामाला, म्हणजे हंगाम चालू असला की घरात पगार आणि हंगाम संपला की घरात बाप. सातवीनंतर शाळा बंद, मग लग्न, कोल्हापुरात दोन खोल्या, नवरा फौंड्रीत. हे मी सांगतेय कारण तुम्ही विचारलं सुरुवात कुठली. खरी सुरुवात मी बेकरीत पाय ठेवला तिथनं धरा पावणं, त्याच्या आधीचं आमच्या गल्लीत सगळ्या बायकांचं एकाच छापाचं असतं, त्यात लिहिण्यासारखं काय न्हाय.

बेकरीत मला घेतलं पॅकिंगला. खारी, टोस्ट, बटर, नानकटाई, पिशवीत भरायचं, वजन करायचं, मेणबत्तीवर पिशवीचं तोंड चिकटवायचं, आता त्याला मशीन आलंय. तेव्हा नव्वद रुपये रोज होता, वाढत वाढत दोनशे ऐंशीवर आला. दोनशे ऐंशी म्हटलं की लोक म्हणायचे बरं हाय की, सावलीतलं काम. सावलीतलं व्हय, पण भट्टीच्या भिंतीला पाठ लावून. आणि खारी मोडली तर तिचे पैसे पॅकिंगच्या बायकांच्या रोजातनं जायचे. खारी ही वस्तूच मोडायची. भट्टीतनं काढताना मोडली काय, ट्रे आपटताना मोडली काय, मोडकी खारी दिसली की ती बायकांनी मोडली.

आता बेकरीतल्या माणसाला किती मिळतं हे तुम्हाला पायजे, तर आधी कोण देतं ते समजून घ्या. लोकांना वाटतं मालक देतो. मालक देत न्हाय, मालक मिस्त्रीला देतो, म्हणजे भट्टीवरच्या मुख्य कारागिराला. मैद्याचं एक पोतं मळून, भाजून, बांधून बाहेर पडलं की पोत्यामागं सातशे रुपये, असा आमच्याकडं ठेका. दिवसाला चार-पाच पोती निघतात. त्या पैशातनं मिस्त्री स्वतःचं काढतो, मग भट्टीवरच्या गड्यांचं, आणि खाली उरतं ते पॅकिंगला. म्हणजे तुमचा रोज किती हे तुम्ही किती काम करता त्यावर न्हाय, तुम्ही मिस्त्रीच्या किती जवळ उभ्या हाय त्यावर. शिवाय पोती रोज सारखी निघत न्हाईत. श्रावणात अंड्याचं काय खपत न्हाय, केक बंद पडतो, पावसात खारी मऊ पडते म्हणून दुकानदार कमी उचलतात, जोतिबाची यात्रा असली की पाव-बटर पुरत न्हाय, आणि मिसळवाल्यांचा ब्रेड तेवढा बाराही महिने, कोल्हापुरात माणूस मेला तरी तिसऱ्या दिवशी त्याच्या घरचे मिसळ खायला बाहेर पडतात. मैदा महागला की मालक म्हणतो दर वाढवायला परवडत न्हाय. मैदा स्वस्त झाला की मालक गावाला गेलेला असतो.

तर मिस्त्री. जोतिबाच्या बाजूचाच माणूस, कपाळाला गुलाल लावून यायचा आणि येताच शिव्या चालू. त्यानं ठेक्यात तीन माणसं सांगितलेली, तो स्वतः, एक गडी आणि त्याचा पुतण्या. पुतण्या मी दोनदा बघितला, एकदा सणाला आणि एकदा त्याच्या लग्नाची पत्रिका द्यायला आलता तेव्हा. मग पुतण्याच्या वाटणीचं काम कोण करत होतं, तर मी. एक दिवस म्हणाला सुनंदा जरा ट्रे धर, मग म्हणाला पीठ जरा मळ, मग जरा भट्टीत घाल, असं करत करत सहा वर्षं मी पुतण्या होते, आणि रोज पॅकिंगचा. हे माझे हात बघा, कोपरापर्यंत चटके. हे पॅकिंगनं झालेलं न्हाय. मी त्याला सरळ विचारलं, मिस्त्री, पुतण्याचा रोज मला द्या. तो हसला, म्हणाला भट्टी बाईमाणसाची न्हवं, मी तुला हौसेनं शिकू देतो तर तूच पैसे मागतीस व्हय, उलट तूच मला दे. दुसऱ्या दिवसापासनं माझ्या पिशव्यांतली खारी जरा जास्त मोडायला लागली, एवढंच सांगते.

दिवाळीला पंधरा-वीस दिवस असताना मिस्त्री पळाला. पळाला म्हणजे इचलकरंजीच्या बाजूला कोणी जास्त दर दिला, मालकाकडनं दिवाळीची उचल घेऊन गेला तो गेला. त्यात मला वाईट वाटण्यासारखं काय नव्हतं. मालकाचं तोंड मात्र बघण्यासारखं. मला ऑफिसात बोलावलं, ऑफिस म्हणजे काऊंटरच्या मागची खुर्ची, आणि म्हणाला सुनंदाबाई, तुम्हीच घ्या की आता ठेका, तुम्हाला सगळं येतंय. मी म्हटलं घेते, सातशेनं. तर म्हणाला साडेपाचशे. मी म्हटलं का. तर म्हणाला, मिस्त्रीला बिऱ्हाड चालवायचं होतं, तुमचे मालक फौंड्रीत कमवतात, तुमचं वरखर्चाचं हाय.

काय सांगू तुम्हाला, मला राग आला तो साडेपाचशेचा न्हाय, त्या वरखर्चाचा. मी म्हटलं, माझ्या हातात पीठ काय साडेपाचशेचं भाजतं व्हय? तो म्हणाला बघू, दिवाळी तर होऊ दे, मग बोलू. मी म्हटलं दिवाळी झाल्यावर तुम्ही मला ओळखणार पण न्हाय. दर आधी बोला. मग मी माझं पॅकिंग करत बसले आणि भट्टीला हात लावायचा बंद केला.

घरी नवरा म्हणाला घे की साडेपाचशेनं, कुणी दिलं असतं तुला. मी म्हटलं जेवा. पण जास्त बोलल्या त्या बेकरीतल्याच बाया. आमच्यात रेखा म्हणून हाय, माझ्यानंतर आली, जीभ चाकूसारखी. ती सगळ्यांसमोर म्हणाली, हिला मिस्त्रीण व्हायचंय, हिच्या हट्टापायी मालक बाहेरनं माणसं आणेल आणि आपण सगळ्या दिवाळीला घरी बसू, मग हिच्या दारात जाऊन फराळ मागायचा. बाकीच्या मान हलवत होत्या. ती खोटं बोलत नव्हती, तसं होऊ शकत होतं. पण मी म्हटलं, रेखा, मी साडेपाचशेनं घेतलं तर तुझ्या वाटणीला किती येतील ते एकदा मोज आणि मग तोंड उघड. त्यावर माझ्याशी बोलणं बंद, माझा डबा उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवला.

आता दिवाळीची पद्धत तुम्हाला ठाऊक असेल. बायका घरनं रवा, मैदा, तूप, साखर आणतात, बेकरीत बसून नानकटाई थापतात, आम्ही किलोमागं भाजणावळ घेऊन भाजून देतो. सकाळपासनं रस्त्यापर्यंत रांग, पत्र्याचे डबे, मांडीवर पोरं. वर्षात मालक जे कमावतो त्यातलं बरंचसं त्या आठवड्यात. बाहेरनं माणूस त्याला मिळाला नव्हता, दिवाळीत रिकामा मिस्त्री कुठं मिळतो, सगळे कुठंतरी बांधलेले. एकटा गडी भट्टीवर आणि मालक नवीन शर्ट घालून त्याला ट्रे देतोय.

पहिल्या दिवशी मी घरनं दोन किलोचं सामान डब्यात घातलं, इस्त्रीची साडी नेसले आणि जाऊन रांगेत बसले. कामाला न्हाय, गिऱ्हाईक म्हणून. माझ्या पुढं तीसेक बायका. रांग काय हलेना. तासाभरानं मालक बाहेर आला, मला बघून म्हणाला, हे काय चाललंय? मी म्हटलं, नंबर लावलाय. भाजून कधी मिळेल सांगा, मला घरी कामं हायत.

माझ्या शेजारी लक्ष्मीपुरीतली एक जाडजूड बाई बसलेली, ती म्हणाली ओ मालक, ही तर आत असते की दरवर्षी, ही बाहेर कशी? मी म्हटलं, मावशी, त्यांचा आणि माझा दर जमंना. झालं. दर म्हटल्यावर बायकांना काय सांगायला लागतंय? कुणी म्हणालं किती देताय, कुणी म्हणालं आमच्याकडनं भाजणावळ तर यंदा वाढवून घेतलीय की, एक म्हातारी उठून म्हणाली मी चालले पलीकडच्या बेकरीत. तिच्या मागनं आणखी दोघी उठल्या. मालक माझ्याजवळ वाकला आणि हळूच म्हणाला, चला आत, देतो सातशे. मी म्हटलं, मोठ्यानं बोला, मावशींना ऐकू येत न्हाय.

तो मोठ्यानं बोलला. पोत्यामागं सातशे. मी पदर खोचला आणि आत गेले. माझं सामान रांगेतच ठेवलं, नंबर आल्यावर भाजलं, आणि त्या माणसानं माझ्याकडनं भाजणावळ घेतली. मी दिली. सूट मागितली असती तर पुढं वर्षभर त्यानं ती ऐकवली असती.

आता तुम्हाला वाटेल मग सगळं गोड झालं. कसलं गोड. ठेका माझा झाला तशी वाटणी माझ्यावर आली, आणि वाटणी करणारा माणूस कुणालाच आवडत न्हाय. मोडक्या खारीची कपात मी बंद केली, पॅकिंगचा रोज साडेतीनशे केला, पण भट्टीला जास्तच ठेवलं, कारण ज्याचा हात भाजतो त्याला जास्त. रेखा म्हणाली, तू मिस्त्रीच्या वरताण निघालीस. मी म्हटलं, उद्यापासनं भट्टीवर ये. मला वाटलं येणार न्हाय. आली. चटके खाल्ले, शिव्या घातल्या, टिकली, आणि महिना भरला तशी उभी राहिली, भट्टीचा वाटा काढ म्हणाली. सातशे तेवढेच, त्यातनं तिचा निघाला तो माझ्यातनंच गेला. दिला. बरं वाटलं का, तर न्हाय वाटलं. आजपण आम्ही कामापुरतंच बोलतो, ट्रे, मीठ, दार लाव.

यंदा मैदा वाढला, तूप वाढलं, भाजणावळ मालकानं वाढवली, आणि दर तोच. मी त्याला सांगून ठेवलंय, दिवाळीला साडेआठशे, न्हायतर मी पुन्हा डबा घेऊन बाहेर. तो म्हणतो या खुशाल, रेखा हाय आता. तिला सगळं येतंय, मीच शिकवलंय. तो तिला कितीनं विचारतोय आणि ती काय म्हणतेय ते मला कळलेलं न्हाय, ती सांगत न्हाय आणि मी विचारणार न्हाय. बाहेर बसली तर माझ्या शेजारी बसेल. आत राहिली तर माझी नानकटाई तिलाच भाजायला लागेल, आणि मी एकेक उलटी करून बघून घेईन. अंबाबाईनं हातापायात बळ ठेवावं, दराचं माझं मी बघते.