ते वाक्य कुणी लिहिलं

—नाही नाही, त्या खुर्चीवर नका बसू, तिचा एक पाय लुळा आहे, तुम्ही पडाल आणि मग सरकारी माणसाला पाडलं म्हणून माझ्यावर वेगळा खटला. ह्या खिडकीजवळच्या खुर्चीवर बसा. टोपी द्या इकडे. हं. तर तुमचा प्रश्न असा, की टाउन हॉलातल्या नाटकात ते वाक्य घातलं कुणी. अहो साहेब, एवढ्यासाठी बॉस्टनहून गाडी काढलीत? मी फोनवर पत्ता दिला असता की. चर्चच्या मागं दफनभूमी आहे, तिथं मॅपलच्या झाडाखाली एक कललेला दगड—जोनास टारबॉक्स, कोर्टाचा कारकून, माझ्या नवऱ्याच्या आजोबांच्या आजोबांचा कुणीतरी. अडीचशे वर्षांपूर्वी आमच्या ऑल्डबरीत चेटकिणीचा खटला झाला, तेव्हा सवाल-जवाब त्यानं उतरून घेतले, आणि आम्ही दर ऑक्टोबरात तेच बोलतो. जा, लावा त्याला समन्स. जरा मोठ्यानं विचारा मात्र, टारबॉक्स सगळे कानानं अधू.

हसलात नाही. बरं. हसायची परवानगी वॉशिंग्टनहून घ्यावी लागत असेल. कॉफी घ्या. आणि ह्या वासानं घाबरू नका, आज शनिवार, ओव्हनमध्ये काकवीतला घेवडा चढवलाय सकाळपासून. आता तुम्ही बाहेरचे, तुम्हाला आमची रीत सांगायला हवी, नाहीतर तुम्ही भलतंच काही लिहाल. आमच्याकडे नाटकात कामं वाटत नाहीत. ज्याचा पूर्वज त्या खटल्यात जो कुणी होता, त्याचं सोंग त्यानंच घ्यायचं. पटो न पटो, बोलता येवो न येवो. न्यायाधीश व्हिपलांच्या घरातला—म्हणून आमचे बँकवाले व्हिपल, तेच शाळा-समितीचे अध्यक्ष, दर वर्षी काळा झगा घालून वर बसतात. जिला फाशी दिली ती टेम्परन्स रग, तर तिचं सोंग रगांकडं. आता रगांच्या घरात एका शाळकरी पोरीशिवाय बाई उरली नाही, मोठा उरलाय एकटा एल्मर, दूधवाला. हा एवढा उंच, हाताचे पंजे बघाल तर फावडी, आणि डोक्यावर लेसचं टोपडं बांधून तो म्हणतो, मी निष्पाप आहे, महाराज, तान्ह्या मुलासारखी. लोक हसून हसून बाकावरून घसरायचे. इतकी वर्षं हसतच आलो आम्ही. एक बाई फासावर लटकवली गावानं, आणि तिकीट काढून हसतो, वर मध्यंतरात सफरचंदाचा रस विकतो.

मी? मी डॉर्कस लूड. माझ्या माहेरची ती. सगळ्यांत हुशार बाई अख्ख्या खटल्यात. तिला विचारलं, तू चेटकीण आहेस का, ती म्हणाली, हो महाराज, आहे तर, आणि एकटी नाही, माझ्याबरोबर ही होती, ती होती, टेम्परन्स रगही होती, झाडूवर माझ्या मागं बसली होती. झालं, सुटली. घरी गेली, नातवंडं पाहिली, अंथरुणात मेली. जी शेवटपर्यंत नाही म्हणाली ती लटकली. कायदा किती सोपा, बघा—हो म्हणा, दुसऱ्याचं नाव द्या आणि जेवायला घरी जा. तुमच्याकडंही तसंच आहे म्हणे? नाही, मी आपलं रेडिओवर ऐकलं. तेव्हा अंगावर लाल डाग सापडला की पुरावा, आता कपाटात लाल पुस्तक सापडलं की पुरावा. तेव्हा म्हणायचे, हिची सावली रात्री माझ्या छातीवर बसली, सावलीची कोण उलटतपासणी करणार? आता म्हणतात, नाव न सांगता येणाऱ्या विश्वसनीय गृहस्थानं कळवलंय. ती सावली तरी बिचारी स्वतः यायची.

बरं, मुद्द्यावर येते, घड्याळ बघू नका. गेल्या शनिवारी प्रयोग होता. त्याच आठवड्यात रेडिओवर रोज ती वॉशिंग्टनची चौकशी चाललेली, सगळं गाव कान लावून—तुम्ही कम्युनिस्ट पक्षात आहात का, किंवा आजवर कधी होतात का, तेच ते, तेच ते, लहान पोरंसुद्धा दोरीच्या उड्या मारताना म्हणायला लागली होती. आणि व्हिपलांच्या घराण्याची एक रीत आहे, ते तालमीला येत नाहीत. न्यायाधीशाला कसली तालीम? समोर टेबलावर कागद असतो, तो चष्मा लावून खड्या आवाजात वाचायचा. तर वाचला त्यांनी. टेम्परन्स रग, तू सैतानाच्या मंडळीत आहेस का, किंवा आजवर कधी होतीस का?

काय सांगू तुम्हाला. हॉलात अशी शांतता झाली की स्टोव्हमधला कोळसा फुटलेला ऐकू आला. व्हिपलांना पत्ताच नाही, ते चष्म्यावरून एल्मरकडं बघतायत. आणि एल्मर, हा आमचा टोपडंवाला, ह्यानं पुढचं वाक्य बोलायला हवं होतं, तान्ह्या मुलाचं, तर तो बोलेचना. नुसता उभा. त्याच्या डोळ्यांत पाणी. खरं पाणी, साहेब, मी शेजारी उभी होते. अडीचशे वर्षांनी पहिल्यांदा रगांच्या माणसाला कळलं की त्याच्या आजीला काय विचारलं होतं. आणि तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, वकिलाला विचारून सांगते, महाराज! मग जो हॉल हसला, जो हसला—पण ते आधीचं हसणं नाही. व्हिपलांचं तोंड बिटासारखं झालं. म्हणजे लाल म्हणायचं नाही मला, आता हेसुद्धा जपून म्हणावं लागतं.

कोण ओरडलं? ते मी सांगणार नाही. मी नावं घेणारी बाई नाही, ते काम मी वर्षातून एकदा स्टेजवर करते तेवढं पुरे. म्हातारं माणूस आहे, माझ्या नवऱ्याचा सख्खा भाऊ आहे, त्याला कशाला त्रास—

ते सोडा. ते नका धरू. तो जन्मभर ओरडतच आलाय, गाई-घोड्यांवरसुद्धा.

सांगायचं ते असं, की वाक्य वाचलं व्हिपलांनी. स्वतःच्या तोंडानं. तर मग बेड्या कुणाला? पण नाही, व्हिपलांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, गाव आपल्याला हसलं, आता कुणीतरी चेटकीण पाहिजे. आणि सापडली, सापडायला कितीसा वेळ लागतो. नाटक बसवते ती मिस स्टॅकपोल. रोवेना. हायस्कुलात इंग्रजी शिकवते, आणि राहते इथंच, माझ्या डोक्यावर, वरच्या खोलीत. लग्न केलं नाही, पुस्तकं फार, चर्चला पावसाळी दिवशी दांडी. झाले की तीन पुरावे. चौथा हवा असेल तर तिच्याकडं एक मांजर आहे. काळं नाही, साहेब, पिवळं आहे, तरी बघा काही जमतंय का.

मला ठाऊक आहे तुम्ही कशाला आलात. सोमवारी शाळा-समिती बसणार, व्हिपल वर बसणार, ह्या वेळी झगा नसेल एवढंच, आणि तुमचा एक कागद पुढं आला की रोवेनाची शाळा सुटली. पलीकडच्या गावात तो विज्ञानाचा मास्तर होता, भला माणूस, पोरांना बेडूक कापून दाखवायचा, त्याचं असंच झालं, आता बंदरावर मासे साफ करतो. कुणी त्याला हाक मारत नाही. मासे विकत घेतानासुद्धा लोक दुसरीकडं बघतात. रोवेनाला मासेसुद्धा साफ करता यायचे नाहीत, तिला पोरांना वाचायला शिकवण्यापलीकडं काही येत नाही. एल्मरच्या पोरीला कुणी वाचायला शिकवलं? मास्तर लोकांनी तर सोडून दिली होती, मंद आहे म्हणून. माझा नवरा गेला तेव्हा ह्या घरात मी दिवा लावायची बंद झाले होते. तिनं खाली येऊन लावला, आणि काही बोलली नाही, समोर बसून पोरांच्या वह्या तपासत राहिली. रोज. मी पुन्हा बोलायला लागेपर्यंत. आता वाटतं, हे जे तोंड चालतंय माझं, ते तिनंच चालू करून दिलंय. तेव्हा कान देऊन ऐका, त्या बाईनं काही केलेलं नाही.

नाटकाची जुनी प्रत उंदरांनी खाल्ली, एवढीच गोष्ट आहे. टाउन हॉलाच्या माळ्यावर पडून होती, कडा कुरतडलेल्या, तर ह्या वर्षी रोवेनानं सगळं नव्यानं टाइप करायला घेतलं. रविवार दुपारची वर टक टक, टक टक, माझी डुलकी मोडायची. तिनं कानामात्रा इकडची तिकडं केली नाही. शब्द न् शब्द मला वाचून दाखवलाय, ह्याच टेबलाशी, मी सफरचंदं सोलत होते. मी साक्षीदार आहे. एवढी काळजी घेतली आम्ही, की मी तर म्हटलंसुद्धा तिला, रोवेना, हे एवढं एक वाक्य काढ बाई, व्हिपलला कळणार नाही पण बाकी गावाला कळेल, हे आमच्या जोनासचं वाटत नाही, हे रेडिओचं वाटतं—तर ती हसली, म्हणाली, लव्हिना, दोघांत फरक सापडला तर मला दाखव, मी काढते—

कॉफी गार झाली का तुमची? दुसरी देते.

कप का खाली ठेवलात? अहो, मी काय म्हणाले, मी म्हणाले की तिनं काही बदललं नाही. तेच म्हणाले ना मी? वाटतं म्हटलं मी, रेडिओचं वाटतं. वाटण्याला काय, मला तर ह्या घेवड्यातसुद्धा कधी कधी वाटतं की… ते जोनासचंच आहे. उंदरांनी खाल्लेल्या भागात असेल. आता उंदरांना विचारा. नाही, असं बघू नका माझ्याकडं. तुम्ही काही विचारलंच नाहीत मला, मगापासून मीच बोलतेय, तुम्ही आपले बसलात, हां हां करत. चांगली युक्ती आहे हो. हे शिकवतात का तुम्हाला तिथं? म्हाताऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात जा, बसा, गप्प राहा, बाकीचं ती करेल.

बरं, ऐका. खरं सांगू का? ते वाक्य मी घातलं. मी, लव्हिना टारबॉक्स. तेच लिहा. रोवेना शाळेत गेलेली असताना मी वर गेले आणि घातलं. व्हिपलांवर माझा जुना राग आहे, बँकेतून मला कर्ज नाकारलं होतं त्यांनी, सगळ्या गावाला माहीत आहे—नसलं तर मी सांगेन सगळ्यांना. टाइप? येतं की. थोडं थोडं. त्या यंत्राला—तो दांडा असतो, तो ओढला की—कसा ओढायचा हे आत्ता सांगून कसं कळेल, समोर यंत्र पाहिजे. हसलात. आता हसलात होय. मगाशी एवढे विनोद केले मी तेव्हा नाही हसलात.

साहेब, तुम्हाला आई असेल. असं करू या. तुम्ही आलात, मी घरी नव्हते. किंवा होते आणि तुम्हाला हाकलून दिलं, भांडकुदळ बाई आहे, काही बोलली नाही. त्यात तुमचं काय जातं? त्या एका बाईनं एक वाक्य लिहिलं, बॉम्ब नाही टाकला, आणि खोटं तरी काय होतं त्यात—बघा, पुन्हा तेच. मी गप्प बसते. आता मला काही विचारू नका. सोमवारी बोलावलंत तर मी येईन आणि सांगेन की मला काही आठवत नाही, म्हातारी आहे, डोकं ठिकाणावर नाही. मग तुमच्या शब्दाला माझा शब्द. बसा ना, उठताय कशाला, घेवडा होतच आला, पानं घेते, जेवून—

फाटक वाजलं.

टोपी घ्या तुमची. इकडून, मागच्या दारानं जा, तिकडं पायऱ्या निसरड्या आहेत पण—साहेब, अहो, मागच्या दारानं म्हटलं मी. उठला होतात ना? मग आता पुन्हा का बसलात?

आलीस का, रोवेना? पिशवी ठेव ती खाली, जड दिसतेय. हे… हे साहेब बॉस्टनहून आलेत. नाटकाबद्दल. आत्ताच आले, अगदी आत्ता. जातच होते. अगं, अशी काय बघतेस, मी काही नाही बोलले. घेवड्याबद्दल बोलत होतो आम्ही. मी काही बोलले नाही गं.

साहेब, सांगा ना तिला.